कानातल्या फुलवाती

शिकारीला निघालेला माणूस आधी बंदूक तपासतो. माझे सासरे माणिकराव आधी देवघरात जात. सासूबाई दुपारच्या निवांत वेळी फुलवाती वळून एका पितळी डबीत भरून ठेवत. त्यातल्या दोन ते उचलत, मेणात थोडं तिळाचं तेल घालून केलेल्या लगद्यात घोळवत आणि हीही पूजाच आहे अशा सावकाशीनं दोन्ही कानांत बसवत. फुलवातीची बारीक शेंडी तेवढी बाहेर राही. त्या शेंडीला हिन्याच्या अत्तराचं बोट लावलं की तयारी झाली. मग दुनळी बंदूक खांद्याला अडकवून ते उंबरा ओलांडत. बघणाऱ्याला वाटे, मालकांनी अत्तराचा फाया ठेवलाय. निजामी अंमलात कानात फाया ठेवणं खानदानी समजत, त्यामुळे कुणी काही विचारत नसे.

"डोळ्याला देवानं पापणी दिली," ते म्हणत, "मंग कानाला काहून न्हाई दिली? इसरला आसंल. ध्यानात आलं तवा त्यानं कापूस पिकवला."

त्यांना जाऊन आता बराच काळ लोटला. तरी झोप आणि जाग यांच्या सांध्यावर ते मला अजून दिसतात. धुकं असतं, हुरड्याला आलेली ज्वारी असते, आणि ज्वारीच्या कडेनं चाललेली त्यांची पाठ. मी त्यांच्या डाव्या अंगाला, दोन पावलं मागं असतो. हाका मारतो. ते वळत नाहीत. मग जाग येते आणि डाव्या कानात रातकिडे ओरडत असतात. ते बाहेर नसतात, माझ्या कानातच असतात. त्या हाकांची आणि या रातकिड्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मामांचं चित्र पुरं व्हायचं नाही. त्यात मी काही चांगला दिसणार नाही, पण त्याला इलाज नाही.

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मामांचं गाव डोंगरकडा या गावाच्या अलीकडं, मुरमाड माळ आणि काळी रानं यांच्या मधोमध. शेतीवाडी बेताची पण सुखाची. बंदूक हा त्यांचा धंदा नव्हता, शौक होता. सुगीच्या आधीच्या दिवसांत तितर, लावे, कधी रानात घुसलेलं डुक्कर, एवढीच त्यांची शिकार. एका सकाळी एक पक्षी मिळाला तरी ते तृप्त असत, आणि नाही मिळाला तर अधिकच. "आज तितरं शाणी निघाली," असं म्हणत ते रिकाम्या हातानं, पण लग्नाहून आल्यासारखे घरी येत.

शिकारीइतकीच त्यांची आणखी एक गोष्ट गावात प्रसिद्ध होती. कुणी काही बोललं की ते मान हलवून म्हणत, "बराबर हाय, बराबर हाय." एकदा मेंढ्या राखणारा एक धनगर त्यांच्याशेजारी येऊन रडवेल्या तोंडानं सांगू लागला, "मालक, लांडग्यानं दोन मेंढ्या नेल्या." मामा समोरच्या माळाकडे बघत म्हणाले, "बराबर हाय." तो बिचारा गावभर सांगत सुटला, "लांडग्याचं बराबर आसंल, पर माज्या मेंढ्यांचं काय?" गाव हसलं. ते हसू फिरत फिरत सासूबाईंच्या कानी आलं आणि त्यांनी ते मामांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी धनगराच्या दारात दोन शेळ्या चालत गेल्या. मालक आधी चेष्टा करतो आणि मागून भरपाई देतो, असा त्यांचा लौकिक झाला. खरी गोष्ट एवढीच होती, की धनगर त्यांच्या डाव्या हाताला उभा राहिला होता.

मामांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. हे मला इथं एका ओळीत लिहिता येतं. कळायला मात्र माझं तारुण्य गेलं.

विशीत असताना त्यांनी मित्राच्या ठासणीच्या बंदुकीत पैजेनं जास्त दारू ठासली आणि बार काढला. "डुक्कर पळालं," ते पुढं एकदा मला म्हणाले, "आन माज्या कानात एक घंटा वाजली. म्हणलं थांबंल. तीस वर्सं झाली, अजून कुण्या देवाची आरती चालूच हाय." उजव्या खांद्याला बंदूक लावली की उजवा कान खांद्याच्या आडोशाला जातो आणि डावा नळीकडं उघडा पडतो, हे त्यांनी आपल्या अंगावर शिकून घेतलं होतं. तेव्हापासून त्या फुलवाती. गेलेल्या कानासाठी नव्हे, राहिलेल्या कानासाठी. डाव्या कानातली फुलवात नुसती जोडीला असे.

पण ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नव्हती. मामांना तीन मुली होत्या. बाप बहिरा म्हटलं की लोक पोरींच्या कानांकडं बघतात, बंदुकीकडं नव्हे. घराण्यात खोट आहे म्हणतात आणि पाहुणे पाणी पिऊन परत जातात. म्हणून घरातल्या बायकांनी न बोलता एक रीत पाडून घेतली होती. मामांशी बोलायचं ते उजवीकडून. वाढायचं उजवीकडून, पाणी द्यायचं उजवीकडून. लेकी सासरी जाताना आई त्यांच्या ओटीत नारळाबरोबर हेही घाली: "बाबाचं तिकडं कुणाला सांगायचं न्हाई." परका माणूस डावीकडून बोलला तर मामांजवळ ते दोन शब्द होतेच. नव्व्याण्णव वेळा ते खपून जात.

माझ्या वाट्याला शंभरावी वेळ आली.

मी कळमनुरीला शाळेत मास्तर होतो. स्थळ बघायला मामा आले तेव्हा घरी न येता आधी शाळेवर आले. मी पाढे म्हणून घेत होतो. खिडकीखाली एक फेटेवाले गृहस्थ मान एका बाजूला कलती करून, डोळे मिटून उभे होते. लोक जावई बघतात, यांनी नुसता ऐकला. नंतर त्यांच्या मधल्या मुलीशी, अनसूयेशी, माझं लग्न झालं.

थोरले जावई परभणीला वकील होते. अंगावर शेरवानी, बोलणं कोर्टातल्यासारखं खणखणीत. सणाला आम्ही दोघं सासुरवाडीला असलो की पंगतीत मामांच्या उजव्या हाताला थोरल्या जावयाचा पाट आणि डाव्या हाताला माझा. रीतच ती. वकीलसाहेब बोलत आणि मामा त्यांच्याकडं झुकून ऐकत, हसत, उत्तर देत. मी बोललो की मामा समोरच्या ताटाकडं बघत म्हणत, "बराबर हाय." मी विचारलं, "मामा, यंदा ज्वारी कशी आहे?" तर "बराबर हाय." मी म्हटलं, "उद्या सकाळी निघावं म्हणतो," तरी "बराबर हाय." एकदा वकीलसाहेब मिशीत हसून म्हणाले, "मास्तर, तुमचं सगळंच बरोबर असतं. आमचंच काय ते चुकतं."

वर्गात माझा आवाज रस्त्यापर्यंत जाई. सासऱ्यासमोर मात्र मी मर्यादा म्हणून हळू बोले. गरिबाघरचा होतो, त्यामुळे मर्यादाही अंमळ जास्तच. आणि मनात एक जुनी म्हण कुरतडत बसे: हे डावं-उजवं करतात. उजवा जावई आणि डावा जावई. मला त्या शब्दाच्या पलीकडं काही दिसलंच नाही. तो शब्द मी जेवढा खरा धरला तेवढाच तो खरा होता, फक्त अगदी निराळ्या अर्थानं.

एका थंडीत मामांनी आम्हा दोघांना शिकारीला नेलं. निघताना त्यांनी माझ्यासमोर तळहात धरला. त्यावर दोन फुलवाती होत्या, मेणानं चकाकणाऱ्या.

"घाला कानात, बापू."

वकीलसाहेब म्हणाले, "मामा, मास्तरांच्या कानात दिवा लावता की काय?" आणि मग माझ्याकडं वळून, "जपून हो. कानात कापूस माणसाला शेवटीच घालतात."

मला हसायला हवं होतं. वकीलसाहेबांच्या बरोबरीनं हसलो तर त्यांच्या बरोबरीचा होईन, असं वाटलं असेल. मी म्हणालो, "मामा, मी अजून जिता आहे," आणि फुलवाती त्यांच्या हातावर परत ठेवल्या. मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी माझे ओठ वाचले की नाही कोण जाणे. मूठ मिटून त्यांनी त्या खिशात टाकल्या आणि म्हणाले, "बराबर हाय. कानातला पाहुणा उघड्या दारानंच येतो."

त्या सकाळचं धुकं मला अजून आठवतं. दूर ओढ्याच्या बाजूला पळसाची झाडं पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. तितर कुठंतरी बोलत होता आणि त्याचा आवाज चारी बाजूंनी येत होता. मामा पुढं, वकीलसाहेब त्यांच्या उजव्या अंगाला, मी डाव्या. मामांनी बार काढला. माझ्या डोक्यातून एक पांढरी रेघ गेली आणि सगळं जग कापडात गुंडाळल्यासारखं लांब गेलं. वकीलसाहेब पडलेला पक्षी शोधायला पुढं धावले. मामांनी उजव्या कानातली फुलवात शेंडीला धरून काढली आणि खिशात ठेवली. डावी तशीच राहिली. मी ते पाहिलं. पाहूनही मला काही कळलं नाही.

आम्ही दोघंच होतो. इतक्या पंगतींचं साठलेलं एकदम वर आलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहून, खाली बघत, हळूच विचारलं, "मामा, मी जावई म्हणून तुमच्या मनास आलो नाही. खरं ना?"

मामा उडून गेलेल्या तितरांच्या दिशेनं बघत होते. चेहऱ्यावर त्यांचं ते तृप्त हसू होतं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "व्हय, बापू. बराबर हाय."

मी त्या दिवशी जेवलो नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं आणि अनसूयेला घेऊन दुपारच्या गाडीनं निघालो. वाटेत तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "तुझ्या बापाला विचार." त्यानंतर तिनं पुष्कळदा विचारलं आणि दर वेळी मी हेच उत्तर दिलं. खरी गोष्ट सांगायची लाज वाटत होती. सासऱ्याला मी आवडलो नाही, हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा मी तिचं माहेर बंद केलं. आमच्याकडं पुरुषाला हे करायला फार कष्ट पडत नाहीत. नुसतं 'नाही' म्हणायचं असतं.

पंचमीला मामा स्वतः गाडी जुंपून लेकीला न्यायला आले. मी ओट्यावर उभा होतो. ते गाडीतून उतरले, बैल लिंबाखाली सोडले आणि घाम पुसत म्हणाले, "अनूला घ्यायला आलो." मी डावीकडून, तोंड फिरवून म्हणालो, "पाठवायची नाही." ते म्हणाले, "बराबर हाय. मी थांबतो." आणि गाडीच्या जुवाजवळ जाऊन बसले.

मला वाटलं, हा माणूस माझ्या दारात येऊन मला खिजवतो आहे. मी आत जाऊन पुस्तक उघडून बसलो. खिडकीतून ते दिसत होते. बैलांपुढं कडबा टाकत होते, मधूनच दाराकडं बघत होते, लेकीचं बोचकं बांधून व्हायला वेळ लागतो हे माहीत असलेल्या बापासारखे. सावल्या लांबल्या. मग अनसूया पदर सावरत बाहेर गेली. ती त्यांच्या पलीकडच्या बाजूला जाऊन कानाशी वाकून काहीतरी बोलली. मामांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, बैल जुंपले आणि गेले.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, मला बरं न्हाई. फुडच्या पंचमीला येते."

पुढच्या पंचमीला गाडी पुन्हा आली. त्याच्या पुढच्यालाही. अनसूया दर वर्षी लिंबाखाली जाऊन नवं कारण सांगे आणि आत येऊन चुलीपुढं बसे. धूर नसतानाही तिचे डोळे लाल असत. मी दर वर्षी पुस्तक उघडून बसे.

याच काळात मी बंदूक चालवायला शिकलो. तहसिलातले एक कारकून माझे स्नेही होते. त्यांच्याबरोबर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कयाधूच्या काठानं मी हिंडू लागलो. सासऱ्याला जो शौक होता तो आपल्यालाही जमतो, हे मला कुणाला दाखवायचं होतं कोण जाणे. कानात कापूस घालायचा प्रश्नच नव्हता. मी जिता होतो ना. प्रत्येक बारानंतर डावा कान थोडा वेळ पाण्याखाली जाई आणि परत वर येई. पुढं तो जरा उशिरा वर येऊ लागला. मग एका हिवाळ्यात रातकिडे बोलू लागले. मी शेजारच्या परसातलं गवत काढायला लावलं. गवत गेलं तरी किडे राहिले.

आणि मग वैशाखातली ती आखाजी आली. मी ओट्यावर मुलांच्या पाट्या तपासत होतो. अनसूया माझ्या डाव्या बाजूला सुपात ज्वारी निवडत बसली होती. ती काहीतरी बोलते आहे असं सुपाच्या हालण्यावरून वाटलं. पाटीवरचं गणित सोडवायचं होतं. मी म्हणालो, "हं. बरोबर आहे."

शाळेतून परत आलो तर दारात बोचकं बांधलेलं. अनसूया नवं लुगडं नेसून उभी. तिचं तोंड इतकं उजळलेलं मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

"कुठं निघालीस?"

ती गोंधळली. "म्हणजे? तुमीच तर म्हणलात."

"काय म्हणालो?"

"मी इचारलं, आखाजीला बाबांकडं जाऊन येऊ का. तुमी म्हणलात, बरोबर आहे."

मी म्हणालो, असं काही तू विचारलंच नाहीस. ती माझ्याकडं बघत राहिली. मग जवळ आली, माझ्या डाव्या कानापाशी हात नेला आणि मला तिच्या बोटांची चुटकी नुसती दिसली. तिनं उजव्या कानापाशी चुटकी वाजवली. ती ऐकू आली.

"बाबांवानीच झालं तुमचं," ती म्हणाली. "बंदुकीनं त्यांचाबी डावाच गेला."

मी उभाच होतो. माझ्या मागून धुकं आलं, ज्वारी आली, फुलवातीची शेंडी आली, पंगतीतला माझा पाट आला. लिंबाखाली सोडलेले बैल आले. मी तिला विचारलं, "कधीपासून?"

"माज्या जन्माच्या आधीपासून. आईनं कुणाला सांगू न्हाई म्हणलं होतं. धाकटीचं लगीन व्हायचं होतं ना." ती बोचक्यावर बसली. "पर तुमी त्यांच्यावर रुसले कशानं, ते आता तरी सांगा."

मी सांगितलं. ज्वारीच्या कडेला काय विचारलं आणि काय उत्तर आलं, सगळं. ती ऐकत राहिली. रडेल, भांडेल असं मला वाटलं. ती इतकंच म्हणाली, "एवढ्यासाठी?" आणि थोड्या वेळानं, "मला एकदा सांगायचं होतं."

तिनं बोचक्याची गाठ सोडली. त्या दिवसांत मुलूख पेटायला लागला होता. रस्त्यावर रझाकारांच्या टोळ्या, गावोगावची माणसं वऱ्हाडाकडं निघालेली. बायकामाणसाला घेऊन डोंगरकड्याच्या वाटेला लागणं शक्य नव्हतं. इतकी वर्षं रस्ता मोकळा होता तेव्हा मी दार लावलं, आणि दार उघडलं तेव्हा रस्ता बंद झाला. पंचमीला गाडी आली नाही. अनसूया लिंबाखाली जाऊन उभी राहिली आणि परत आली. मामा गेले तर, ही भीती मला पुस्तक उघडू देईना. मी दिवसभर मनातल्या मनात त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलत होतो.

पावसाळा सरता सरता फौजा आल्या, निजामी अंमल संपला. दसऱ्याच्या आधी आम्ही गाडी जुंपली.

मामा ओसरीत बसले होते. वाळलेले, डोळ्यांवर पडदा आलेला. बंदूक त्या धामधुमीत ठाण्यात जमा झाली होती, ती परत आली नव्हती. भिंतीवरची खुंटी रिकामी होती. अनसूया त्यांच्या गळ्यात पडली तेव्हा ते नुसते तिच्या पाठीवर थोपटत राहिले. मी सवयीनं डाव्या बाजूला गेलो, मग थांबलो आणि वळसा घालून उजवीकडं बसलो. वर्गात बोलतो तशा आवाजात म्हणालो, "मामा, पूर्वी एक विचारलं होतं, ते पुन्हा विचारतो. मी जावई म्हणून तुमच्या मनास आलो नाही का?"

मामांनी माझ्याकडं तोंड वळवलं. "कोण म्हणलं?"

मी सांगितलं. कोण म्हणालं, कुठं आणि कोणत्या कानाशी. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"आवो बापू, तुमाला तर मी ऐकून निवडलं. खिडकीखाली हुबा राहिलो. सात बंद दारांतून यावा आसा तुमचा आवाज. म्हणलं, ह्यो एक जावई मला ऐकू येईल. उद्या दुसरा कान गेला तरी येईल. आन तुमी माज्या घरी येऊन कुजबुजून राहिले."

"मर्यादा म्हणून," मी म्हणालो.

"मर्यादा," ते म्हणाले. "तुमी मर्यादेनं हळू बोलले, मी लाजंनं व्हय म्हणलं. दोघं शाणे."

मी विचारलं, पंचमीला गाडी परत जायची तेव्हा त्यांना काही वाटलं नाही का. ते म्हणाले, "पोरगी खोटं बोलली की तिचा आवाज बारीक व्हतो. उजव्या कानाला समदं कळतं. पर इचारणार कुणाला? बहिऱ्याला इचारायची तकलीफ न्हाई. उत्तर काय यील, त्याची भीती."

त्या दिवशी पंगतीत सासूबाईंनी रीतीप्रमाणं माझा पाट डावीकडं मांडला. मामांनी काठीनं तो आपल्या उजवीकडं सरकवला. "वकील आले म्हंजी?" सासूबाईंनी विचारलं. "वकिलाला कुठंबी बसवा," मामा म्हणाले, "त्याचा आवाज थांबतो कुठं?" निघताना सासूबाईंनी एका पुडीत बांधून मला फुलवाती दिल्या. "डावा तर गेला," त्या म्हणाल्या. "ऱ्हायलेला तरी सांभाळा." ती पुडी मी या वेळी घेतली.

मला वाटलं होतं, आता पुष्कळ पंगती पडतील. मार्गशीर्षात सांगावा आला. आम्ही पोचलो तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती. बाज भिंतीला लावलेली होती आणि भावकीतले जाणते एकेक करून मामांच्या कानाशी वाकून रामनाम सांगत होते. मामांचे डोळे छताकडं लागले होते. चेहऱ्यावर कशाचीच खूण नव्हती. त्यांचा उजवा कान भिंतीकडं होता.

अनसूयेनं माझ्याकडं पाहिलं. मी बाजेचा पायथा धरला.

"आता काहून हलवता?" भावकीतलं कुणी म्हणालं.

"डाव्या कानानं ऐकू येत नाही त्यांना," मी म्हणालो, साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असं. तीन लेकी उजवल्या होत्या. आता लपवायचं कुणासाठी?

वकीलसाहेब उशाशी उभे होते. "बहिरे?" ते म्हणाले. "आमच्याशी तर सगळं नीट बोलायचे." मग पुढं होऊन त्यांनी बाजेची दुसरी बाजू उचलली. आम्ही दोघा जावयांनी बाज फिरवली. मी उशाकडून वाकून त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि वर्गात पाढे म्हणतो तशा आवाजात रामाचं नाव घेतलं.

छताकडं लागलेले डोळे हलले. त्यांनी मला ओळखलं. ओठ हलू लागले. ते काहीतरी बोलत होते, आणि तेवढंच नव्हे, काहीतरी विचारत होते, कारण थांबून त्यांनी माझ्याकडं पाहिलं, उत्तराची वाट बघावी तसं. मी उशाकडून वाकलेलो होतो. त्यांचं तोंड माझ्या डाव्या कानाशी आलं होतं. मला फक्त रातकिडे ऐकू आले. मान वळवायलाही उसंत नव्हती; ते बघत होते.

मी म्हणालो, "व्हय मामा. बराबर हाय."